एआयने आनंदीबाई जोशींचा क्षय ओळखला असता, पण त्या वाचल्या असत्या का?

छातीचा एक्स-रे काही सेकंदांत वाचणारी एआय यंत्रणा देशाच्या क्षयरोग मोहिमेत आली आहे. या यंत्रणेचे बळ आणि मर्यादा, दोन्ही समजून घेण्यासाठी पुण्यात क्षयाने गेलेल्या एका डॉक्टरचे आयुष्य पाहावे लागेल.

पुण्यात २६ फेब्रुवारी १८८७ रोजी एका २१ वर्षांच्या डॉक्टरचा क्षयाने मृत्यू झाला. अमेरिकेतली एम.डी. पदवी त्यांच्याकडे होती. कोल्हापूरच्या रुग्णालयातली नेमणूक हातात होती. ज्या शहरात त्यांनी अखेरचा श्वास घेतला, तिथे ससून रुग्णालय सुरू होऊन २० वर्षे झाली होती. यातले काहीच कामी आले नाही. त्या डॉक्टर म्हणजे आनंदीबाई जोशी.

आज पुण्याच्या कसबा पेठेसारख्या दाट वस्तीत कोणाचा खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर डॉक्टर छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी करायला सांगतात. हा एक्स-रे आता डॉक्टरच्या आधी संगणकही वाचू शकतो. मग प्रश्न असा की, हे तंत्रज्ञान तेव्हा असते तर आनंदीबाई वाचल्या असत्या का? उत्तर वाटते तितके सरळ नाही.

आनंदीबाई कोण होत्या?

जन्म ३१ मार्च १८६५. माहेरचे नाव यमुना. कुटुंब कल्याणचे. वयाच्या नवव्या वर्षी तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. ते टपाल खात्यात कारकून होते, बिजवर होते आणि तिच्यापेक्षा सुमारे २० वर्षांनी मोठे होते. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

बायकोने शिकलेच पाहिजे, हा गोपाळरावांचा हट्ट होता. त्या काळात ही गोष्ट दुर्मीळ होती. मात्र या हट्टाची दुसरी बाजूही आहे. लहानग्या आनंदीला अभ्यासासाठी त्यांनी मारहाण केली, हे पुढे तिच्याच पत्रांतून समोर आले. गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या आणि त्यांच्याबरोबर आनंदी अलिबाग, कोल्हापूर, कलकत्ता असे मुक्काम बदलत शिकत राहिली.

डॉक्टर होण्याचे कारण काय?

आनंदी १४ वर्षांची असताना तिला मुलगा झाला. तो दहाच दिवस जगला. तिच्या पुढच्या सगळ्या वाटचालीचे मूळ या घटनेत आहे.

त्या काळचे बाळंतपण घरातल्या सर्वांत अंधाऱ्या खोलीत होई. सुईण येई, घरातल्या बायका असत. पुरुष डॉक्टरला दाखवणे बहुतेक घरांत कल्पनेबाहेरचे होते आणि स्त्री डॉक्टर जवळपास नव्हत्याच. म्हणजे इंग्रजी औषधे शहरात आलेली होती, दवाखाने होते, डॉक्टरही होते. तरी ती मदत बाळंतिणीच्या खोलीच्या उंबरठ्यापर्यंत येऊन थांबत होती.

आरोग्यसेवेत कोणतेही नवे तंत्रज्ञान आणताना आजही हाच प्रश्न आधी विचारावा लागतो. साधन उपलब्ध असणे आणि ते रुग्णापर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आनंदीबाईंना हा फरक चौदाव्या वर्षी कळला.

अमेरिकेपर्यंत त्या कशा पोहोचल्या?

कोल्हापुरात पूर्वी मिशनरी म्हणून काम केलेले रॉयल वाइल्डर यांच्याशी गोपाळरावांनी पत्रव्यवहार केला. पत्नीला अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण मिळावे, अशी त्यांची विनंती होती. वाइल्डर यांनी मदतीसाठी धर्मांतराची अट सुचवली. जोशी दाम्पत्याने ती नाकारली. पण हा पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या मासिकात छापून आला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर यांनी दातांच्या डॉक्टरकडे थांबलेल्या असताना तो वाचला आणि त्यांनी थेट आनंदीबाईंना पत्र लिहिले. अनोळखी बाईंशी सुरू झालेली ही मैत्री अखेरपर्यंत टिकली.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूर येथे आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले. एका हिंदू बाईने एकटीने समुद्र ओलांडून परदेशी का जायचे, याची कारणे त्यांनी एकेक करून मांडली. देशात स्त्री डॉक्टरांची गरज किती आहे, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. ७ एप्रिलला कलकत्त्याहून जहाज निघाले. नुकतेच १८ वे वर्ष पूर्ण झाले होते. गोपाळराव सोबत नव्हते. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या. कार्पेंटर बाई त्यांना न्यायला आल्या होत्या.

फिलाडेल्फियाचे विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया १८५० मध्ये सुरू झाले होते. स्त्रियांना डॉक्टर करणाऱ्या जगातल्या पहिल्या संस्थांपैकी ते एक. डीन रेचल बॉडली यांनी आनंदीबाईंना प्रवेश दिला. साडी, शाकाहार आणि फिलाडेल्फियाचा बर्फाळ हिवाळा अशी तीन वर्षे गेली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. मिळाली. पंडिता रमाबाई या समारंभाला हजर होत्या आणि राणी व्हिक्टोरियाकडूनही अभिनंदनाचा संदेश आला. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली याही डॉक्टर झाल्या. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया म्हणून ही दोन नावे एकत्र घेतली जातात.

त्यांच्या प्रबंधाचा एआयशी काय संबंध?

आनंदीबाईंचा प्रबंध प्राचीन हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर होता. त्यात त्यांनी आयुर्वेदातले संस्कृत ग्रंथ आणि अमेरिकेतली पाठ्यपुस्तके या दोन्हींचा आधार घेतला. वर्गात शिकवले जाणारे वैद्यक अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या रुग्णांवरून तयार झालेले होते. आनंदीबाईंनी आपल्या समाजाच्या ज्ञानाची नोंद त्यात भरली.

एआयच्या बाबतीत याच मुद्द्याला प्रशिक्षणाचा डेटा म्हणतात. एक्स-रे वाचणाऱ्या संगणकाला वैद्यक येत नसते. त्याच्यासाठी एक्स-रे म्हणजे कमी-अधिक काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे आकडे. लाखो एक्स-रे आणि त्यांपुढे डॉक्टरांनी लिहिलेले निदान त्याला दाखवले जाते. कोणत्या प्रकारच्या आकड्यांपुढे क्षय लिहिलेले असते, हे तो त्यावरून शिकतो. मग नवा एक्स-रे समोर आला की क्षयाची शक्यता किती, याचा एक गुणांक देतो आणि फुफ्फुसाचा संशयास्पद भाग रंगवून दाखवतो.

म्हणून शिकवताना ज्यांचे एक्स-रे दाखवले, त्यांच्यासारख्या रुग्णांवर तो चांगला चालतो. इतरांच्या बाबतीत तपासूनच घ्यावे लागते. उदाहरणार्थ, क्षयातून पूर्वी बरे झालेल्यांच्या फुफ्फुसावर जुने व्रण असतात. यंत्र त्यांना नवा आजार समजू शकते. जी बाई एक्स-रेपर्यंत कधी आलीच नाही, तिच्यासारखीचे चित्र तर यंत्राने पाहिलेलेच नसते.

आनंदीबाईंना आजार कधी जडला?

फिलाडेल्फियात असतानाच तब्येत ढासळू लागली होती. ताप, डोकेदुखी, धाप आणि अशक्तपणा मागे लागला. पदवी हाती आली तोवर शरीर थकले होते. कोल्हापूर संस्थानाने त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी देऊ केली आणि त्यांनी ती स्वीकारली. आज आपण ज्याला सीपीआर रुग्णालय म्हणतो, ते हेच. गोपाळरावही एव्हाना अमेरिकेत पोहोचले होते. दोघे १८८६ च्या अखेरीस मायदेशी परतले. जहाजाच्या लांबच्या प्रवासात प्रकृती आणखी बिघडली.

मुंबईत स्वागत झाले, वर्तमानपत्रांनी कौतुक केले. पण कोल्हापूरला जाऊन एकही रुग्ण तपासणे त्यांच्या नशिबी नव्हते. आजार हटेना, म्हणून अखेर त्यांना पुण्यात आणले गेले. तिथेच, २२ वे वर्ष पूर्ण व्हायला महिनाभर राहिलेला असताना, त्यांचा मृत्यू झाला. काशीबाई कानिटकरांनी पुढे त्यांचे मराठी चरित्र लिहिले. अस्थी कार्पेंटर बाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथल्या दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

तेव्हा डॉक्टरांच्या हातात काय होते?

फारसे काही नव्हते. तारखा लावून पाहिल्या तर चित्र स्पष्ट होते:

• मार्च १८८२ : रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जगापुढे आणला. आनंदीबाई अमेरिकेला निघण्याच्या वर्षभर आधी.
• फेब्रुवारी १८८७ : आनंदीबाईंचा मृत्यू.
• नोव्हेंबर १८९५ : राँटजेन यांनी एक्स-रेचा शोध लावला.
• १९४३ : क्षयावर चालणारे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडले.

म्हणजे १८८७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली जंतू पाहून निदान करणे शक्य होते, पण निदानापुढे रस्ता संपत होता. विश्रांती, हवापालट, सकस अन्न आणि वाट पाहणे, एवढाच उपचार. तेव्हाच्या पुण्यात एआय असता आणि त्याने अचूक उत्तर दिले असते, तरी आनंदीबाईंना फक्त आजाराचे नाव कळले असते.

आज उलट स्थिती आहे. औषध आहे, सरकारी केंद्रात मोफत आहे आणि औषधांना दाद देणारा साधा क्षय साधारण सहा महिन्यांच्या उपचाराने बरा होतो. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२३ मध्ये जगातल्या नव्या क्षयरुग्णांपैकी २६ टक्के, म्हणजे सुमारे २८ लाख, भारतात होते. आपली अडचण रुग्ण वेळेवर सापडण्याची आणि सापडलेल्याचा उपचार पूर्ण होण्याची आहे.

मग एआय नेमके कुठे उपयोगी पडते?

रुग्ण सापडण्याच्या टप्प्यावर. एक्स-रे वाचणारे रेडिऑलॉजिस्ट शहरांत एकवटलेले आहेत. ग्रामीण केंद्रात यंत्र असते, पण वाचणारा नसतो. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या क्षय तपासणीत माणसाऐवजी संगणकाकडून एक्स-रे वाचून घ्यायला मान्यता दिली. त्यासाठी ज्या प्रणाली तपासल्या गेल्या, त्यांत मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीचीही एक होती. भारतात डिसेंबर २०२४ मध्ये ३४७ जिल्ह्यांत सुरू झालेल्या १०० दिवसांच्या मोहिमेत हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रे आणि एआय यांचा वापर करण्यात आला.

मात्र एआयचे उत्तर हे निदान नाही. ती फक्त चाळणी आहे. पक्के निदान थुंकीच्या रेण्वीय चाचणीने होते. त्यासाठीचे ट्रूनॅट हे छोटे यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीने तयार केले आहे.

ही चाळणी चुकते का?

चुकते, आणि किती चुकू द्यायचे हे माणसे ठरवतात. रुग्णांपैकी किमान ९० टक्के पकडणे आणि निरोग्यांपैकी किमान ७० टक्के लोकांना बरोबर सोडणे, ही अशा चाचणीकडून किमान अपेक्षा मानली जाते. आता एक हिशेब करू.

समजा, एका पेठेत १,००० जणांची तपासणी झाली आणि त्यांत खरे रुग्ण १० आहेत.

• १० पैकी ९ रुग्ण सापडतील, १ सुटेल.
• ९९० निरोग्यांपैकी ६९३ जण बरोबर सुटतील, पण २९७ जणांवर विनाकारण संशय येईल.
• एकूण ३०६ जणांना थुंकीच्या तपासणीला बोलवावे लागेल. त्यांत खरे रुग्ण ९.

हा हिशेब पाहून यंत्र टाकाऊ आहे असे समजू नये. १,००० ऐवजी ३०६ थुंकी तपासण्या, ही मोठी बचत आहे. पण त्या ३०६ जणांना फोन कोण करणार? कामावर खाडा करून ते येतील का? क्षयाचा संशय शेजाऱ्यांना कळला तर? लग्न ठरलेल्या मुलीला घरचे पाठवतील का? या प्रश्नांची उत्तरे सॉफ्टवेअरमध्ये नसतात. ती आशा सेविका, परिचारिका आणि क्षयरोग कर्मचाऱ्यांकडे असतात.

आणि जो एक रुग्ण सुटला, त्याचे काय? यंत्राने ठीक म्हटले म्हणून त्याचा खोकला दुर्लक्षित झाला, तर नुकसान मोठे. म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी लक्षणे असतील तर पुढची तपासणी थांबवायची नसते.

विश्वासाचा प्रश्न पुण्याला नवा आहे का?

नाही. आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर दहाच वर्षांनी, १८९७ मध्ये, पुण्यात प्लेग आला. रुग्ण शोधण्यासाठी रँड यांच्या अधिकाराखाली सैनिकांच्या तुकड्या पेठांमध्ये घरोघर शिरल्या. देवघर, माजघर काही सुटले नाही. रुग्णांना प्लेगच्या रुग्णालयात आणि घरच्यांना छावणीत नेले जाई. परिणाम असा झाला की लोक रुग्ण लपवू लागले. रँड यांच्या हत्येपर्यंत गोष्ट गेली. रोग शोधण्याचा हेतू योग्य होता, पण ज्यांच्यात शोधायचा त्यांचाच विश्वास उरला नाही.

कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी पेठ. त्या वर्षाची आठवण जुन्या पुण्याच्या घराघरांत पुढच्या पिढ्यांना सांगितली गेली. आज कोणी दार ठोठावून आत घुसत नाही, पण एक्स-रे, आजाराची नोंद, मोबाइल क्रमांक हे सारे संगणकात जाते. ते कोण पाहते, किती काळ ठेवते, हे रुग्णाला कळले नाही तर लपवाछपवी पुन्हा सुरू होऊ शकते.

चूक झाली तर जबाबदार कोण?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०२३ मध्ये आरोग्यातील एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. माणसाची देखरेख, रुग्णाची संमती, गोपनीयता आणि उत्तरदायित्व यांवर त्यांत भर आहे. त्याच वर्षी संसदेने डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. वैद्यकीय कामासाठीचे सॉफ्टवेअर २०२० पासून वैद्यकीय उपकरणांच्या नियमांखाली येते. कागदावर चौकट तयार आहे. ती खाटेपर्यंत पोहोचली की नाही, हे तपासण्यासाठी रुग्ण स्वतः चार प्रश्न विचारू शकतो:

• माझा एक्स-रे फक्त यंत्राने वाचला की डॉक्टरांनीही पाहिला?
• संशय असेल तर थुंकीची तपासणी कुठे आणि कधी होईल?
• एक्स-रे स्वच्छ आहे, पण खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारे वजन कायम आहे. आता पुढे काय?
• माझी माहिती कोणाकडे आणि कशासाठी जाणार?

तर आनंदीबाई वाचल्या असत्या का?

आजची औषधे मिळाली असती तर बहुधा हो. पण त्यासाठी एआयच्या पुढची साखळी पूर्ण असावी लागली असती. एक्स-रेनंतर थुंकीची तपासणी, मग रोजची औषधे, पोटभर सकस अन्न, प्रवास आणि दगदगीतून सुटका, आणि सहा महिने विचारपूस करणारे कोणीतरी. क्षय आणि कुपोषण हातात हात घालून चालतात, म्हणूनच सरकार उपचार घेणाऱ्या रुग्णाला पोषणासाठी मदत देते. नोव्हेंबर २०२४ पासून ती दरमहा १,००० रुपये आहे. उपचार कोण अर्धवट सोडण्याची शक्यता आहे, हे आधी ओळखण्यासाठीही आता एआय वापरला जात आहे. पण यादीत नाव आले तरी त्या घरी जाऊन चौकशी माणसालाच करावी लागते.

आनंदीबाईंची कहाणी बहुतेकदा पदवीपाशी संपवली जाते. शाळेच्या पुस्तकात, चित्रपटात, भिंतीवरच्या फोटोत पहिली डॉक्टर उभी असते. त्यांनी मात्र हा सगळा खटाटोप पहिले ठरण्यासाठी केला नव्हता. दहा दिवसांच्या बाळाला आणि त्याच्या आईला मदत मिळावी, यासाठी तो होता. त्या हिशेबात त्यांचे काम कोल्हापुरात सुरू व्हायचे होते आणि ते सुरू झालेच नाही. स्त्री-विभागाची नेमणूक झालेली होती. पदवी खरी होती. रुग्ण वाट पाहत होते. डॉक्टर तेवढी पोहोचली नाही.

रुग्णालयात एआय आल्याची बातमी वाचताना म्हणूनच यंत्राने किती एक्स-रे वाचले, या आकड्यावर थांबू नये. त्यातल्या किती जणांना क्षय निघाला, किती जणांचे उपचार सुरू झाले आणि सहा महिन्यांनी किती जण बरे होऊन घरी गेले, हे तीन आकडे मागावेत. ते सांगता येत नसतील, तर यंत्र आले आहे, पण उपचार अजून रुग्णापर्यंत पोहोचलेला नाही.